नॉट म्हणजे

प्रफुल्ल जेवायला बसला होता आणि आतल्या खोलीत त्याची मुलगी दीपाली जर्मन शब्द मोठ्याने पाठ करत होती. हे पाठांतर गेल्या वर्षभरात घरात चांगलंच मुरलं होतं. नर्सिंग झालं, आता जर्मनीला जायचं, तिकडच्या दवाखान्यांत माणसं कमी आहेत, भाषा आली की नोकरी पक्की, असं पालघरच्या क्लासच्या सरांनी सांगितलं आणि सालवडच्या दोन खोल्यांत एक परकी भाषा राहायला आली. त्याच्या बायकोला, सुलूलासुद्धा आता 'गुटन मॉर्गन' येत होतं आणि ती ते दूधवाल्यावर वापरून बघायची. प्रफुल्ल मात्र ऐकायचा आणि सोडून द्यायचा. हल्ली तो पुष्कळच गोष्टी ऐकून सोडून द्यायचा. कोणी विचारलंच तर म्हणायचा, बरं चाललंय. ते खोटंही नव्हतं, कारण वाईट वाटायलासुद्धा आधी काहीतरी वाटावं लागतं. दात काढताना इंजेक्शन दिलं की गाल आपला असून आपला नसतो, तसं त्याचं सगळं अंग गेले काही महिने झालं होतं. जेवण जात होतं, झोप लागत होती, ड्युटी चुकत नव्हती. सुलू म्हणायची, तू आता लई शांत झालास. तिला ते आवडतंय की नाही हे तिच्या बोलण्यावरून कळत नसे, आणि त्याने कधी विचारलंही नव्हतं.

"नोटआउफनामे," आतून आवाज आला. "नोटआर्त्स्ट. नोटआउसगांग."

"सारख्या नोटाच काय मोजतेस गो?" सुलू तव्यावरून भाकरी काढत म्हणाली. "आदी मिलू दे तरी."

"नोटा नाय गं आई. नोट म्हणजे संकट, अडचण. नोटआउफनामे म्हणजे अपघाताचे पेशंट घेतात ना, तो विभाग. नोटआउसगांग म्हणजे आगबीग लागली तर बाहेर पळायचं दार."

प्रफुल्लने भातावर कालवण ओतलं. घास केला. आणि का कोण जाणे, घास तसाच हातात ठेवून विचारलं, "लिवतात कसा तो?"

"एन, ओ, टी." एवढ्या महिन्यांत पप्पांनी पहिल्यांदा काहीतरी विचारलं म्हणून दीपाली पुस्तक मिटून बाहेरच आली. "लिहायला नॉट, वाचायला नोट. आमचे सर म्हणतात, या सगळ्या बहिणी-बहिणी भाषा, पण एकीचं दुसरीला कळेल तर शपथ. तीच तीन अक्षरं बघा. इंग्लंडात गेलात तर नाही. जर्मनीत संकट. आणि तिकडे वर नॉर्वे-स्वीडनला मासे ओढायचं मोठं जाळं! म्हणजे एखाद्या बोटीवर पाटी लावली नॉट, तर इंग्रज म्हणेल चढू नका, जर्मन म्हणेल वाचवा, आणि तो नॉर्वेवाला म्हणेल, जाळं इथे ठेवलंय वाटतं." ती स्वतःच हसली. सुलूही हसली. प्रफुल्लने हातातला घास ताटात परत ठेवला आणि तो हात धुवायला उठला. सुलू म्हणाली, अरे, जेवलास कुठे. तो म्हणाला, झालं.

मोरीत पाणी सोडून तो उभा राहिला. आपल्याला आता काहीतरी होईल अशी त्याने वाट पाहिली. छातीत कळ, घेरी, निदान घाम. काहीच झालं नाही. हातावरून पाणी वाहत राहिलं आणि डोळ्यांपुढे ते बटण आलं, लाल, छत्रीसारखं फुगीर, तळहाताने दाबायचं, आणि त्याच्याभोवतीची पिवळी पट्टी, अर्धी निघालेली, तिच्यावर राहिलेली काळी ठसठशीत तीन अक्षरं. रबराच्या चादरी काढणारं ते दोन रोलरांचं मशीन शेठने जर्मनीतल्या कुठल्याशा बंद पडलेल्या कारखान्यातून उचललं होतं. जहाजातून आलं, कंटेनरमधून उतरलं, बोईसरच्या एमआयडीसीत बसवलं, तेव्हा त्याच्यावरच्या पाट्या वाचायला कोणी नव्हतं आणि कोणाचं अडलंही नव्हतं. हिरवं बटण चालू, काळं बंद, चाक फिरवलं की रोलर जवळ येतात. राहिलं ते लाल. सगळ्यांनी प्रफुल्लकडे पाहिलं. तो दहावी पास होता, इंग्रजीत बरे मार्क होते, आणि फॉर्म भरायचा झाला, औषधाची बाटली वाचायची झाली की माणसं त्याच्याचकडे यायची. त्याने वाकून वाचलं, जरासं मोठ्याने, ऐटीत. नॉट. "नाय म्हणतंय," त्याने सांगितलं. "याला हात लावायचा नाय." सगळे हसले आणि त्या दिवसापासून त्या बटणाचं नाव नायबटण पडलं. बिहारचे कामगार आले तेसुद्धा 'नायबटन' म्हणायला लागले. नवीन माणूस आला की पहिल्या दिवशी त्याला चहाची टपरी, संडास आणि नायबटण दाखवायचं, अशी पद्धतच पडली. शिवाय गरम रबर भरलेलं असताना भलतंच काही दाबून मशीन मध्येच थांबलं की सगळा माल रोलरला चिकटतो, मग खरवडत बसा आणि वर शिव्या खा. तेव्हा त्या बटणाला कोणी हात लावत नव्हतं हे सगळ्यांच्या सोयीचंच होतं.

चिंतूलाही त्यानेच दाखवलं होतं. तारापूरच्या पलीकडे किनाऱ्यावरच्या गावचा चिंतू, बाप बोटीवर, आजा बोटीवर, आणि हा म्हणे, मला दर्या लागतो. बोटीवर चढला की ओकणारा मासेमार, सगळं गाव त्याची टर उडवायचं, म्हणून कारखान्यात आला. प्रफुल्लला पहिल्यापासून दादा म्हणायचा. त्या दुपारी रबराची चादर मुडपली म्हणून त्याने हात पुढे केला आणि हातमोज्याचं टोक रोलरांत गेलं. प्रफुल्ल अगदी जवळ होता. चिंतू ओरडला, "नाय! नाय! नाय!" दुसरं काही नाही, एवढंच. आणि प्रफुल्लचा हात त्याला न विचारता निघाला, सरळ लाल बटणाकडे. हे त्याला पक्कं आठवतं. हाताला ठाऊक होतं. लाल रंग, तळहाताएवढा, माणूस तिथे हात मारणारच. वीतभर अंतर राहिलं असेल, आणि तेवढ्यात डोळ्यांनी वाचलं. अक्षर-ओळख ही फार चटपटीत गोष्ट, माणूस वाचायचं म्हणून वाचत नाही, डोळे वाचून मोकळे होतात. नॉट. हात मागे आला. मग तो वळला आणि शेडच्या दुसऱ्या टोकाला, भिंतीवरच्या मेन स्विचकडे धावला, मध्ये कार्बनची पोती, मध्ये ट्रॉली, तिला अडखळला, उठला, स्विच खाली ओढला. सगळी शेड अंधारली. रोलर थांबले तेव्हा चिंतूचा हात कोपराच्या वरपर्यंत आत होता.

दवाखान्यात शुद्धीवर आल्यावर चिंतूने आईला पहिली गोष्ट सांगितली ती ही, की प्रफुल्लदादाने बटण दाबलं, मी बघितलं, पण मेलं मशीन थांबलंच नाही, मग तो धावत जाऊन लाईट पाडून आला म्हणून मी जिवंत आहे. त्याने खरंच पाहिलं होतं, पण हात जाताना पाहिला होता. परत येताना पाहायला त्याला सवड कुठे होती? बायडीने, त्याच्या आईने, दवाखान्याच्या पायऱ्यांवर प्रफुल्लचे दोन्ही हात धरून कपाळाला लावले. "माजा पोर तुज्यामुलं ऱ्हायला रं," ती म्हणाली. तो काही बोलला नाही. आणि त्याला तेव्हा ते लबाडीचंही वाटलं नव्हतं. त्याच्या समजुतीने बटण दाबायचं नव्हतंच, दाबून काही झालंही नसतं, मग दाबलं म्हटलं काय आणि न दाबलं म्हटलं काय. कारखान्यातही तेच धरून चालले. इलेक्ट्रिशियन आला, झाकण उघडून म्हणाला, वायरी जुन्या आहेत, बघू, आणि ते बघूवरच राहिलं. मशीनवर ताडपत्री टाकली. तेव्हापासून बायडी दर बाजाराला प्रफुल्लसाठी सुके बोंबील बाजूला काढायची आणि तो गेला की त्याला जेवल्याशिवाय सोडायची नाही. तो जेवायचा. बोंबील छान असायचे. त्याला आत काही वाटायचं नाही, आणि काही वाटत नाही याचं कारण आपण थकलो आहोत एवढंच असेल, असं त्याने ठरवून टाकलं होतं.

रात्रभर तो जागा होता असं काही झालं नाही. झोप लागली. सकाळी डबा घेऊन सायकलवर निघाला तेव्हा एमआयडीसीचा तो कुजक्या बदामासारखा वास नाकात गेला, आणि त्याला आठवलं की आज ताडपत्री काढायची आहे. ऑर्डर आली होती. मशीनवर जव्हारकडचा जिवल्या बसणार होता, पावसाची शेती उरकली की चार-सहा महिने कामाला उतरणाऱ्यांपैकी, गप्प, कामाला वाघ. त्याला कोणीतरी चहाची टपरी दाखवील, संडास दाखवील. आणि बटणाचं? आता तर दोन कारणं झाली होती. एक, त्याच्यावर नाय लिहिलंय. दोन, ते बंदच आहे, प्रफुल्लदादाने त्या वेळी दाबून बघितलं होतं ना. प्रफुल्लने सायकल हळू केली. नुसतं सांगून टाकावं, जिवल्या, काही झालं तर हे लाल दाब. संपलं. पण बाकीचे उभे असणार. ते म्हणणार, दादा, ते तर मेलेलं हाय. मग? दुरुस्त केलं म्हणावं, तर इलेक्ट्रिशियन तिथेच असतो. 'आधी तसं वाटलं, पण आता कळलं' म्हणावं, तर कसं कळलं? जर्मन शिकलास? हसतील. आणि हसून झाल्यावर कोणीतरी एकजण, बहुतेक तो सुपरवायजर तिवारी, विचारणार: पर आपने तो दबाया था? तिवारीची त्याला उगाच आठवण झाली. पहिल्यांदा आला तेव्हा तो म्हणाला होता, मेरे बच्चों की शिक्षा यहीं होगी, आणि सगळ्यांना वाटलं, केवढा कडक बाप! महिनाभर त्याच्या मुलांची कीव केली लोकांनी. मग कळलं, शाळेत घालायचं म्हणत होता. तेव्हा किती हसलो होतो. एक शब्द, दोन गावं, आणि मध्ये हसण्यापुरती जागा. प्रत्येक वेळी हसण्यापुरतीच असते असं त्याने धरून ठेवलं होतं. पायडल मारता मारता त्याला वाटलं, आपण अंगठेबहाद्दर असतो तर चिंतूचा हात राहिला असता. हे वाटलं तेसुद्धा लांबून, कोणीतरी तिसऱ्याबद्दल बोलावं तसं. आपल्याला रडू कसं येत नाही याचं त्याला नवल वाटलं, पण फार नाही.

ताडपत्री आधीच काढली होती. मशीन पुसून लख्ख केलं होतं, रोलर रिकामे फिरत होते, रबर अजून टाकलं नव्हतं. जिवल्या हात मागे बांधून उभा होता आणि दोघं-तिघं त्याला माहिती देत होते, जरा जास्तच उत्साहाने, नव्या माणसासमोर माणसं देतात तशी.

"आन हां नायबटन," एकजण म्हणाला. "येला हात लावायचा नाय. तसा बी मेलेलाच हाय तो."

"मेलेलं नाय ते," प्रफुल्ल म्हणाला.

सगळे वळले. त्याचा आवाज नेहमीसारखाच होता, हळू. "जिवल्या, आयक. कायबी झालं, बोट जरी गेलं, नुसता मोजा जरी वडला, तर हे दाबायचं. पयलं हे. लाल."

"तं हे चालत नाय सांगतात," जिवल्या म्हणाला. "मना यांनी आताच सांगलां."

"प्रफुल्लभाई, आपने तो उस टाइम दबाया था ना?" तिवारी म्हणालाच.

"नहीं दबाया," प्रफुल्ल म्हणाला. "हाथ ले गया था. फिर पढ़ा, और हाथ वापस लिया. ये अंग्रेजी नहीं है. जर्मन है. इसका मतलब नाय नहीं, संकट है. संकट का बटन."

कोणी हसलं नाही. ते हसतील याची त्याने तयारी केली होती, याची नव्हती. रोलर रिकामे फिरत होते. मग त्याने हात पुढे केला, तोच उजवा, आणि तळहाताने बटण दाबलं. इतकी वर्षं ते मशीन त्याच्यापुढे होतं, त्याने ते पहिल्यांदा दाबलं. खट् झालं. रोलर थांबले. थांबत थांबत नाही, हळूहळू नाही; थांबलेच. त्याचा हात अजून बटणावर होता. शेडमध्ये फक्त पंखे ऐकू येत होते. इलेक्ट्रिशियन पुटपुटला, वायरी तर जुन्या होत्या. जिवल्याने वाकून रोलरांच्या फटीत पाहिलं, मग बटणाकडे, मग प्रफुल्लकडे, आणि मान हलवली. त्याला कळलं होतं. एवढं कळलं की काम झालं.

सुट्टी झाल्यावर तो घरी गेला नाही. तारापूरकडची रिक्षा धरली, मागे कोपऱ्यात बसला. बाजूला दोन बाया टोपल्या पायात घेऊन भावाबद्दल बोलत होत्या, पापलेटचा असावा. वाटेत अणुशक्तीच्या वसाहतीची झाडं गेली, वाड्या गेल्या, आणि खारा वारा लागला तसा तो काय सांगायचं ते मनात लावायला लागला. सगळं सांगायचं. पण एक गोष्ट जरा मऊ करता येईल. जुनं मशीन आहे, बटण दाबलं तरी रोलर थोडे पुढे जातातच. तेवढं म्हणायला हरकत नाही. चिंतूला तेवढंच बरं. हे ठरवल्यावर त्याला हायसं वाटलं, आणि ते हायसं वाटणं त्याच्याच ध्यानात आलं, म्हणजे काहीतरी वाटायला लागलं होतं.

चिंतू ओट्यावर बसून मोबाईलवर डाव्या अंगठ्याने पत्ते खेळत होता. शर्टाची उजवी बाही वर दुमडून पिनेने लावली होती. "ये दादा," तो खुशीत म्हणाला. "आये, दादा आलाय." आतून बायडी ओरडली, "बस रं पोरा, बोंबील भाजते, जेवूनच जा!" प्रफुल्ल बसला नाही.

"चिंतू, आज मशीन चालू केलं. ते बटण चालतंय."

"नायबटन? रिपेर केलं काय?"

"नाय. पयल्यापासून चालूच व्हतं."

"असं कसं? तू तवा दाबलं तं..."

"मी दाबलं नाय. तू बघितलंस तो हात जाताना. मी वाचलं आन मागं घेतला. दीपालीनं काल सांगितलं, ते नाय नव्हतंच. जर्मनीत नॉट म्हंजे संकट. मी तुमाला सगल्यांना चुकीचं सांगितलं, आन तू बोललास मी दाबलं, तवा मी गप ऱ्हायलो."

चिंतूने मोबाईल उलटा करून मांडीवर ठेवला. समोर वाळूत बोटी कलंडून पडल्या होत्या, कोणीतरी जाळं झटकत होतं. तो तिकडे बघत राहिला. मग त्याने नेमका तोच प्रश्न विचारला.

"दाबल्यावर किती वेळात थांबतं?"

प्रफुल्लच्या तोंडात उत्तर तयार होतं. जुनं मशीन आहे.

"लगेच," तो म्हणाला.

"लगेच म्हंजे?"

"हात उचलायच्या आत."

चिंतूने डाव्या हाताची बोटं पसरली आणि एकेकाकडे पाहिलं. "म्हंजे बोटं गेली असती," तो म्हणाला. "निस्ती बोटं." तो रागावून बोलत नव्हता. हिशेब बरोबर आला का, एवढंच बघत होता. प्रफुल्लने हो म्हटलं. मग चिंतू म्हणाला, "त्या नव्या मानसाला सांगितलंस ना?"

"सांगितलं."

"बरं केलं."

बायडी ताट घेऊन बाहेर आली, भाकरी, भाजलेले बोंबील, कांदा, आणि प्रफुल्ल उभाच आहे हे बघून तिने ते त्याच्यापुढे ओट्यावर ठेवलं, पाण्याचा तांब्या ठेवला, आणि पदराने हात पुसत म्हणाली, "बस की रं, उबा काय? भांडलाव काय दोगं?" चिंतू म्हणाला, "आये, तू आत जा, मी सांगतो तुला मागून." पण प्रफुल्लला ते चाललं नाही. मागून म्हणजे तो गेल्यावर, आणि तो नसताना तिला कळावं, हे त्याला एकदम असह्य झालं. गेले कित्येक महिने त्याला काहीच असह्य झालं नव्हतं.

"मावशी, मी बटण दाबलंच नव्हतं," तो म्हणाला.

तिला कळलं नाही. कुठलं बटण, कधी, काय बोलतोस. मग तो खाली बसला आणि तिला पहिल्यापासून सांगायला लागला, मशीन कुठून आलं, पट्टीवर काय लिहिलं होतं, त्याने काय वाचलं, कोणत्या देशात त्याचं काय होतं, चिंतू काय ओरडला, हात किती जवळ गेला. सांगताना त्याचा आवाज फुटला आणि तो रडायला लागला, तरी मध्ये थांबला नाही, कारण थांबला असता तर ती म्हणाली असती, असू दे रं पोरा. बायडीने सगळं ऐकून घेतलं. अक्षरं, देश, भाषा, तिच्या चेहऱ्यावर काही हललं नाही. तिने एकदाच चिंतूकडे पाहिलं, त्याच्या दुमडलेल्या बाहीकडे, आणि चिंतूने मान खाली घातली.

मग ती वाकली, प्रफुल्लच्या पुढचं ताट उचललं, आणि आत घेऊन गेली.